चेहऱ्यावरची मृत त्वचा काढताना: कशाने, किती आणि कुठे थांबायचं

मागच्या मार्गशीर्षात खानापूरकडची एक मुलगी हळदीच्या बारा दिवस आधी माझ्याकडे आली. बेळगावात शहापूरला माझं पार्लर आहे. जागा लहान, पण खिडकी मोठी. कुणीही आलं की आधी मी तिला खिडकीपाशी बसवते, कारण ट्यूबलाइटखाली त्वचेचं खरं कळत नाही. हिच्या दोन्ही गालांच्या उंचवट्यावर अंगठ्याएवढे तपकिरी डाग होते, कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली साल आणि मध्ये ताणल्यासारखी चमक. "काय लावतेस गं?" म्हणून विचारलं. "लिंबू आन् साखर. रोज घासतो की अक्का, तरी काळं जाईना झालंय."

जे काळं ती घासून काढू पाहत होती, ते घासण्यानेच आलं होतं. त्या बारा दिवसांत मी तिच्या चेहऱ्याला काहीच केलं नाही. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, एवढंच. हळदीला गालावर फक्त एकेक बोट टेकवू द्यायचं, असं तिच्या काकूला फोन करून सांगितलं. डाग फिके व्हायला पुढे पाच महिने लागले.

एक्सफोलिएशन म्हणजे त्वचेवरचा मृत पेशींचा थर हलक्या हाताने कमी करणं. चांगलं केलं तर चेहरा तुकतुकीत दिसतो, रंध्रं तुंबत नाहीत, लावलेलं क्रीम नीट मुरतं. पण आपल्याकडे ते फार केलं जातं, आणि चुकीच्या गोष्टींनी केलं जातं. म्हणून पहिल्यापासून सगळं सांगते.

त्वचा आपण होऊन काय करते

त्वचेच्या तळाशी नवी पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते, वाटेत चपटी आणि निर्जीव होते आणि शेवटी गळून पडते. तरुण वयात या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे चाळीस किंवा जास्तही. सगळ्यात वरचा निर्जीव थर म्हणजे घाण नव्हे. १५ ते २० पदरांचं ते छप्पर आहे. कौलांसारख्या रचलेल्या चपट्या पेशी आणि मध्ये लिंपलेला स्निग्ध चुना. हे छप्पर आतलं पाणी राखतं आणि बाहेरचे जंतू अडवतं. वरची सैल झालेली चार कौलं काढायची, छप्पर उघडं पाडायचं नाही. सगळी मेख इथेच आहे.

आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेची आणखी एक गोष्ट आहे. तिच्यातल्या रंगपेशी फार जागरूक असतात. ओरखडा, भाजणं, पुटकुळी फोडणं, जोरात घासणं, कुठलीही इजा झाली की तिथे जास्तीचा रंग साठतो आणि डाग महिनोन्‌महिने राहतो. गोऱ्या त्वचेवर आठवड्यात निवणारी लाली आपल्याकडे काळसर ठसा सोडून जाते. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दाखवलेलं प्रमाण आणि वारंवारता जशीच्या तशी आपल्याला चालत नाही.

कुणी सध्या थांबायचं

पिकलेल्या, पुवाच्या पुटकुळ्या असतील, इसब असेल, ऊन लागून चेहरा पोळला असेल, ओठाजवळ पाण्याचे फोड आले असतील किंवा कुठेही कातडी उघडी असेल, तर आधी ते बरं होऊ द्या. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग झालं असेल तर दोन-तीन दिवस जाऊ द्या. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन लावत असाल तर ती औषधंच साल काढण्याचं काम करतात, वर आणखी काही नको. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर स्क्रब, पील (जोरकस ॲसिड लावून साल काढणं), वॅक्सिंग सगळं बंद. गोळ्या संपल्यावरही डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करायचं. साल काढायला बाटलीतली ॲसिडंही मिळतात, त्यांचं पुढे सांगते; ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्यांतल्या सॅलिसिलिक ॲसिडच्या वाटेला जाऊ नये. गरोदर बायकांनी कुठलंही ॲसिड आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आणि एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते: "गोरं व्हायचं म्हणून मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावतेस का?" बऱ्याचदा उत्तर हो असतं. या ट्यूबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक पुरळ येतं, केस वाढतात आणि ट्यूब थांबवली की आग होते. अशा बऱ्याच मलमांची डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री करायला २०१८ पासून बंदी आहे, तरी ती हातात पडतातच. अशा चेहऱ्याला एक्सफोलिएशन अजिबात नको. त्याला त्वचारोगतज्ज्ञच हवा.

कशाने काढायची

मार्ग दोन. एक घासून, दुसरा पेशींमधला चुना विरघळवून.

घासून काढण्यात आपल्या घरची सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे उटणं. नरक चतुर्दशीला तेल चोळून उटणं लावून आपण आंघोळ करतो, आणि ते तेल आधी असतं हे महत्त्वाचं आहे. तेलामुळे कणांची धार बोथट होते. बाकी वर्षभर मात्र आपण तेलाशिवाय, कोरड्या हाताने, कपडे धुतल्यासारखं घासतो. उटण्यातही अंगाचं वेगळं आणि चेहऱ्याचं वेगळं. चेहऱ्याचं उटणं वस्त्रगाळ हवं, म्हणजे चाळणीतून नव्हे तर मलमलीच्या फडक्यातून गाळलेलं. चिमूटभर अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहा. मैद्यासारखं सरकलं तर चेहऱ्याला चालेल. रव्यासारखं टोचलं तर ते हातापायांना ठेवा. गिरणीतून आणलेलं मसुरीचं पीठ बहुतेक वेळा रवाळ असतं. डाळीचं पीठ, माझ्या कन्नड शेजारणी ज्याला कडली हिट्टू म्हणतात ते, त्या मानाने मऊ येतं.

मी वापरते ते असं: दोन चमचे वस्त्रगाळ डाळीचं पीठ, अर्धा चमचा मुलतानी माती (कोरडी त्वचा असेल तर माती वगळायची), चिमूटभर आंबेहळद आणि कालवायला दूध. त्वचा कोरडी असेल तर दुधाऐवजी साय. ओल्या चेहऱ्यावर पातळ थर लावायचा आणि तो वाळू द्यायचा नाही. वाळून तडकलेला लेप खरवडून काढणं हीच सगळ्यात मोठी चूक. पाच मिनिटांत, ओला असतानाच, हात पाण्यात बुडवून बोटांच्या पेरांनी लहान गोल फिरवत अर्धा मिनिट सोडवायचा आणि धुऊन टाकायचा. दाब किती? पापणीवरून बोट फिरवताना जेवढा देता, तेवढाच.

अक्रोडाच्या किंवा जर्दाळूच्या कवचाचे कण असलेले स्क्रब, साखर, मीठ, कॉफीचा चोथा हे चेहऱ्याला लावू नका. साखरेचा दाणा भिंगाखाली पाहिला तर त्याचे कोपरे दिसतात. तेच कोपरे गालावर फिरतात. टाचेची वजरी टाचेलाच राहू द्या. वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी पाठीला उत्तम, गालाला नको. मऊ सुती पंचाचा ओला तुकडा मात्र उटण्याइतकाच सौम्य आहे. फक्त तो रोज धुऊन उन्हात वाळवलेला हवा.

लिंबाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ते प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट फरक, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा शेकडो पटींनी आम्ल आहे. शिवाय लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात, की ती त्वचेवर असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे गडद चट्टे राहतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा. त्याचा पीएच आठच्या वर असल्याने तोही छप्पर बिघडवतो. टूथपेस्ट, आणि चिकटवून ओढून काढायचे काळे मास्क, हेही याच यादीत धरा.

बाटलीतली ॲसिडं

दुकानदाराकडे ॲसिड मागायला बायका घाबरतात. नाव भयंकर असलं तरी योग्य प्रमाणात ती स्क्रबपेक्षा सौम्य आणि एकसारखं काम करतात, कारण कुठे जास्त घासलं, कुठे कमी, असा प्रश्नच राहत नाही.

ग्लायकॉलिक ॲसिडचा रेणू या सगळ्यांत लहान. ते भराभर आत शिरतं, म्हणून परिणामही झपाट्याने आणि जळजळही झपाट्याने. हे ॲसिड उसात असतं, आणि आपल्या भागात तर गावागणिक ऊस. त्यामुळे "मग उसाचा रसच लावू का?" असं विचारणाऱ्या भेटतात. लावू नका. रसात त्याचं प्रमाण ठरलेलं नसतं, साखरेनं चेहरा चिकट होतो आणि बाटलीतलं ग्लायकॉलिक बहुतेक करून कारखान्यात रासायनिक पद्धतीनेच बनतं. लॅक्टिक ॲसिड दह्यातलं. ते थोडं मऊ असतं आणि त्वचेत ओलावाही धरतं. मँडेलिकचा रेणू मोठा, ते हळूहळू शिरतं. सावळ्या त्वचेवर पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी हेच किंवा ५ टक्क्यांचं लॅक्टिक सुचवते. फार नाजूक त्वचा असेल तर ग्लुकोनोलॅक्टोन, ते याहूनही सौम्य.

तेलकट चेहरा, नाकावर काळे ठिपके, कपाळावर बारीक पुरळ असेल तर सॅलिसिलिक. ते तेलात विरघळतं म्हणून तुंबलेल्या रंध्राच्या आत पोचतं. अर्धा ते दोन टक्के पुरे.

बाटली घेताना टक्केवारी बघा. घरी वापरायला ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको, ही मर्यादा सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने घालून दिली आहे. ३० टक्क्यांचं पील ऑनलाइन सहज मिळतं, पण सहज मिळतं म्हणून घरी लावायचं नसतं. नाव, टक्केवारी किंवा मुदत छापलेली नसेल अशी सुटी बाटली कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

स्क्रब आणि ॲसिड दोन्ही एकदम नाही. एकच निवडा.

आधी चाचणी

नवी बाटली थेट गालावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी तीन-चार रात्री लावा. लाली, खाज, पुरळ काही नाही, असं दिसलं की मग कानाखाली जबड्याच्या कडेला दोन रात्री. तिथेही शांत राहिलं तरच पूर्ण चेहरा. आठवडा जातो, पण डाग पडला तर जाणाऱ्या महिन्यांपुढे आठवडा काहीच नाही. हळदीचं किंवा उटण्याचं घरगुती मिश्रण असलं तरी हे करा. हळदीनेही काहींना ॲलर्जी येते.

प्रत्यक्ष रात्र

संध्याकाळचीच वेळ निवडा, म्हणजे मोकळ्या त्वचेवर लगेच ऊन पडणार नाही.

सौम्य, फेस कमी येणाऱ्या फेसवॉशने आणि कोमट पाण्याने चेहरा धुवा. अंगाचा साबण नको, बहुतेक साबणवड्यांचा पीएच ९ ते १० असतो. बंबातलं कढत पाणी थेट चेहऱ्यावर नको. मऊ टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. ॲसिड लावायचं असेल तर दहा मिनिटं थांबून त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं.

नाकपुड्यांच्या खाचा, ओठांच्या कडा आणि डोळ्यांचे कोपरे इथे आधी व्हॅसलीनचं बोट फिरवा. ॲसिड वाहत जाऊन तिथेच साठतं. मग वाटाण्याएवढं ॲसिड, किंवा पातळ असेल तर तीन-चार थेंब, तळहातावर घेऊन कपाळ, हनुवटी, नाक आणि शेवटी गाल अशा क्रमाने लावा. गाल सगळ्यात हळवे, म्हणून त्यांना शेवटी आणि कमी.

पहिल्या दोन-तीन वेळांना दहा मिनिटं ठेवून धुऊन टाका, रात्रभर ठेवायचं लिहिलेलं असलं तरी. मुंग्या येतात तसं किंचित चुरचुरणं मिनिटभरात शमतं, ते चालतं. मिरची लागल्यासारखी आग होत असेल तर घड्याळाकडे बघत बसू नका, लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा. धुऊन झाल्यावर जाडसर, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. सिरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं असेल तर उत्तम. त्या रात्री व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, बेन्झॉइल पेरॉक्साइड, यांतलं काही नाही.

दुसरी सकाळ

इथे कसूर झाली तर रात्रीचं सगळं उलटतं. ग्लायकॉलिकसारख्या ॲसिडांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. अशा प्रसाधनांवर तसा इशारा छापावा आणि वापर थांबवल्यावरही आठवडाभर सनस्क्रीन लावायला सांगावं, अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २००५ मध्येच दिली. एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढं, चेहरा आणि गळा मिळून. दिवसभर शेतात किंवा उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

बेळगावच्या हवेने आपण फसतो. शहर अडीच हजार फुटांवर, वारा गार, त्यामुळे ऊन लागतंय हे जाणवत नाही. पावसाळ्यात आभाळ भरलेलं म्हणून सनस्क्रीन सोडतो, पण अतिनील किरण ढगांतूनही येतात. शेतावर जाणाऱ्या बायकांनी पदर नीट पुढे ओढून बांधावा, त्यावर रुंद कडेची टोपी घातली तर आणखी चांगलं. वर्षानुवर्षं उन्हात काम केलेल्या बायकांच्या गालावर वांग दिसतो. तो मृत त्वचेचा थर नव्हे. तो खोलवरचा रंग आहे आणि घासण्याने वाढतो. वांग असणाऱ्यांना लोहऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण ते दिसणारा प्रकाशही अडवतं. सनस्क्रीन रोज लावणं जमणार नसेल तर ॲसिड सुरूच करू नका. मी हे गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगते आणि बाटली विकत नाही.

किती वेळा

पहिला महिना आठवड्यातून एकदाच. त्वचेचं एक चक्र पूर्ण होऊ द्या, मग ठरवा. तेलकट त्वचा असेल तर पुढे दोनदा. कोरडी किंवा नाजूक असेल तर दहा-पंधरा दिवसांतून एकदाही पुरतं. चाळिशीनंतर त्वचा सावकाश गळते म्हणून फायदा दिसतो, पण ती कोरडीही होते, म्हणून वाढवताना जपून.

ऋतूप्रमाणे हात बदला. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत. अशा दमटपणात तेलकट चेहऱ्यांना सॅलिसिलिक चांगलं मानवतं. पण त्याच दिवसांत कपाळावर किंवा गालावर खाजणारे, पांढुरके किंवा गोल चट्टे आले तर ते बुरशीचे असू शकतात. ते घासू नका, दाखवा. डिसेंबर-जानेवारीत, निपाणी-चिकोडीकडे तर विशेष, सुका वारा सुटला की ओठ आणि गाल तडकतात. तेव्हा ॲसिड बंद, फार तर साय घातलेलं उटणं. तंबाखूच्या वखारीत किंवा विडीकामाला जाणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर दिवसभर बारीक धूळ बसते. त्यांनी घरी आल्यावर आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. धुळीसकट चोळलं तर तीच धूळ स्क्रबसारखी टोचते.

जास्त झालंय हे कसं ओळखायचं

नेहमीचं साधं क्रीमही झोंबू लागतं. चेहरा धुतल्यावर कागदासारखा ताणतो. तेलकट नसताना काचेसारखी चमक येते, आणि ही चमक बघून पुष्कळजणी खूश होऊन आणखी घासतात. एकसारखं बारीक पुरळ उठतं. यांतलं काहीही दिसलं की सगळं थांबवा: उटणं, ॲसिड, व्हिटॅमिन सी, नवं काहीही. दोन ते चार आठवडे फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर आणि साल सुटलेल्या जागी वर व्हॅसलीनचा पातळ हात. सुटलेली साल ओढू नका.

लग्न ठरलं असेल तर

लग्न जवळ आल्यावर धावपळ होते आणि चेहरा बिघडतो तो तेव्हाच. कमीत कमी सहा-आठ आठवडे आधी सुरुवात करा. शेवटच्या दहा दिवसांत नवी बाटली नाही, नवं पार्लर नाही. शेवटचं सौम्य एक्सफोलिएशन आठवडाभर आधी. थ्रेडिंग त्यानंतर निदान तीन दिवसांनी, हळदीच्या दोन दिवस आधी. ब्लीच, स्क्रब आणि थ्रेडिंग एका बैठकीत करून देणारं पॅकेज घेऊ नका. पार्लरवाली असून मी हे सांगते आहे, कारण अशा बैठकीनंतर सुजलेले चेहरे मी पाहिले आहेत. पील करायचं असेल तर विचारा: कुठलं ॲसिड, किती टक्के, किती मिनिटं? उत्तर देता येत नसेल तर खुर्चीतून उठा. जोरकस पील त्वचारोगतज्ज्ञाकडेच.

पुरुषांबद्दल थोडंच. रोज दाढी करणाऱ्यांचं ब्लेडच गालावरचा वरचा थर काढत असतं. त्यांना कपाळ आणि नाक एवढंच पुरे. दाढीच्या दिवशी गालाला ॲसिड नको. दाढीचे केस आत वळून गाठी येत असतील तर दाढी नसेल त्या रात्री आठवड्यातून एकदा सॅलिसिलिक लावून बघावं.

डॉक्टरकडे जाताना

डाग तीन महिन्यांत फिके पडेनात, पुटकुळ्या खोल आणि दुखऱ्या असतील, एखादा तीळ आकार बदलत असेल किंवा आग दोन दिवसांत शमत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या, उटण्याची पुडी, मैत्रिणीने दिलेली बिननावाची डबीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. दर रविवारी सकाळी, एकाच खिडकीपाशी, मेकअप नसताना काढलेले फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टरकडे जाल त्या दिवशी चेहऱ्याला पावडरही नको. खानापूरकडच्या त्या मुलीच्या पिशवीतून लिंबू-साखरेच्या वाटीशिवाय दोन ट्यूबा निघाल्या होत्या, आणि त्यांतली एक स्टेरॉइडची होती.